गप्प कांड्या

हिंगणा रोड, नागपूर
गुरुवार, २१ एप्रिल १९८३

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र चुलीत टाकणार असशील, तर आधी एवढं वाच आणि मग टाक.

इतवारीतल्या मारोतरावाच्या दुकानातून कल्हईसाठी तू ज्या कांड्या नेल्यास, त्या कथलाच्या नाहीत. त्यांत शिसं आहे. कुंदाच्या लग्नाच्या भांड्यांना तीच कल्हई केली असशील, तर त्या भांड्यांत काही शिजवू नको. आणि पोरीच्या आंदणात तर ती भांडी देऊच नको.

आता मला कसं कळलं ते सांगते. आमच्या कंपनीत रेडिओचे बोर्ड जोडतात, हे तुला ठाऊक आहे. त्यावरूनही तू बोलला होतास, की आपल्या घरची पोरगी कारखान्यात तारा चिकटवणार का म्हणून. तर त्या तारा जोडायला सोल्डर लागतं. या आठवड्यात आम्हा सगळ्या बायांना शिकवायला पुण्याहून अरुंधतीबाई आल्या आहेत. आज त्यांनी सोल्डरच्या तारेचं रीळ हातात धरून विचारलं, "हे कशाचं आहे?" आम्ही सगळ्या म्हणालो, "कथलाचं." त्या म्हणाल्या, "निम्म्याहून थोडं जास्त कथील. बाकी सगळं शिसं." मग त्यांनी हात धुवायला लावले, डबे टेबलावरून उचलायला लावले. आम्हाला एक सवय आहे. दोन्ही हात अडकलेले असले की तार दातांत धरायची. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, "शिसं एका दिवसात मारत नाही. ते अंगात साचतं. पोटात मूल असलेल्या बाईने तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये."

जेवणाच्या सुट्टीत मी फाटकाशी उभी होते. मारोतरावाचा हमाल नत्थू आमचं भंगार गाडीत चढवत होता. आमच्याकडे वितळलेल्या सोल्डरचं एक मोठं भांडं असतं. त्याच्यावर जमणारी मळी आणि तारेचे तुकडे डब्यांत भरून तो नेतो. मी सहज विचारलं, "याचं काय करता गा?"

तो म्हणाला, "शेठ गाळते अन् कांड्या पाडते. भंडाऱ्याच्या कल्हईवाल्यायले जाते सारा माल. तुमच्या दादानं तं लग्नासाठी पोतंभर नेला. तुमाले माहीत नाही का? सोमवारी लगन आहे ना तुमच्या भाचीचं!"

मला माहीत नव्हतं. तुझ्या पोरीचं लग्न मला हमालाच्या तोंडून कळलं. पण ते असू दे. ते भांडण आज काढत नाही.

या कांड्या लवकर वितळल्या असतील, भट्टी कमी लागली असेल, चमकही चांगली आली असेल. शिशाचीच ती करामत. खात्री करायची तर एक कांडी कानापाशी धरून वाकव. कथील असेल तर करकरेल. बाबा आपल्याला ऐकवायचे ते आठवत असेल. ही कांडी काहीच बोलणार नाही. आमच्या तारेचा जाड तुकडा मी आज वाकवून पाहिला. गप्प.

पाकीट तुमच्या आळीतले रुपराव कंडक्टर यांच्या हाती देते आहे. ताराचंद स्टँडवर नेऊन देतो म्हणाले. मी स्वतः आले असते. पण बाबांच्या तेराव्याला तू सगळ्यांदेखत म्हणालास, 'जात सोडून ताराचंदच्या घरी गेली, आता या घरात पाय ठेवू नको,' ते मी विसरलेले नाही, आणि लग्नघरात मी दिसले तर कुंदाच्या सासरचे काय विचारतील तेही मला कळतं. पोरीचं लग्न माझ्यापायी अडू नये.

गोपिका


शनिवार, २३ एप्रिल

दादा,

रुपराव भेटले. म्हणाले, "वहिनीच्या हाती देलं पाकीट. गिरिधर भट्टीवर होता. मी कायले थांबतो? गाडीची वेळ झालती." एवढंच. निरोप नाही, चिठ्ठी नाही.

तू वाचलंस की नाही, ते मला कळायला मार्ग नाही. कालपासून माझं कशात लक्ष नाही. आज वर्गात दोनदा बोट भाजून घेतलं. अरुंधतीबाईंनी बाजूला नेऊन विचारलं, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. तुझ्यामाझ्यातलं सोडून. मी विचारलं, "एका जेवणानं काही होईल का हो?" त्या म्हणाल्या, एका पंगतीनं माणसं पटापट पडतील असं नाही, पण कढी, चिंचेचं वरण, कैरीचं पन्हं असलं आंबट त्या भांड्यात ठेवलं की शिसं उतरतं, आणि लहान पोरांना ते जास्त बाधतं. खरी भीती रोजच्या भांड्यांची. नवी नवरी त्याच पातेल्यात वर्षानुवर्षं शिजवील, आणि तिच्या पोरांनाही त्यातलंच भरवील.

मला कुंदा दिसते आहे. तीच लहानपणची, माझ्या ओच्यात बसून भाता पाहणारी.

दादा, तू म्हणशील हिला बोलावलं नाही म्हणून ही लग्नात विघ्न आणते आहे. म्हण. मला काय म्हणायचं ते म्हण, पण कांडी वाकवून पाहा.

उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं मी भंडाऱ्याला येते. घरी येणार नाही. स्टँडवर पाणपोईजवळ बसेन. दुपारपर्यंत थांबेन. कोणालाही पाठव, घरच्या गड्याला पाठव. तो नुसता "वाचलं" म्हणाला तरी मी परत जाईन. कोणीच आलं नाही, तर मात्र मी घरी येईन आणि मांडवात उभी राहून सांगेन. मग तुझा शब्द मोडला तर मोडला.

हे पत्रही रुपरावांकडेच देते. आज त्यांची शेवटची फेरी आहे. या खेपेला तुझ्याच हाती द्या म्हणून सांगितलं आहे.

गोपिका


रविवार, २४ एप्रिल, संध्याकाळ

दादा,

आत्ता घरी पोचले. तोंडावर पाणीसुद्धा मारलं नाही, आधी लिहायला बसले.

तू आला नाहीस. वहिनी आली.

पाणपोईजवळ मी बराच वेळ बसले होते. उन्हानं डोकं तडतडत होतं. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होते. शेवटी मनाशी ठरवलं की आता उठायचं आणि सरळ घराकडे चालायचं. उठून पदर खोचला, तर समोरून वहिनी. हातात पिशवी, डोक्यावरून पदर, आणि चेहऱ्यावर ओळख न देता माझ्या शेजारी येऊन बसली. इकडे तिकडे पाहिलं आणि मग माझा हातच धरला.

म्हणाली, "पाणी पेलं का बाई काही? तोंड पाहा कसं झालं!"

मी म्हटलं, "वहिनी, आधी भांड्याचं सांगा."

मग तिनं जे सांगितलं, ते तुला ठाऊकच आहे. पण तिनं मला काय काय सांगितलं ते तुला ठाऊक नसेल, म्हणून लिहिते.

ती म्हणाली, "चिठ्ठी मी तशीच तुमच्या दादापाशी नेली. त्यायनं वाचली. पुन्हा वाचली. मले वाटलं आता फाडते. तं उठले, कोपऱ्यातली कांडी घेतली, कानाले लावली अन् वाकवली. मग दुसरी घेतली. मग तिसरी. सगळ्या कांड्या वाकवल्या बाई, एकूण एक. कोणीच बोललं नाही. मग खालीच बसले. मी म्हणलं, 'काय झालं हो?' तं म्हणते, 'माह्या बापाच्या भट्टीवर मी इख लावलं.'"

दादा, हे ऐकून मला रडू आलं. पण त्या रडण्यात दुःख थोडं होतं. तू वाचलं होतंस, कांडीही वाकवून पाहिली होतीस. मी तिथेच, पाणपोईच्या कट्ट्यावर, तोंडावर पदर घेऊन रडले. वहिनी घाबरली. "लोक पाहून राहिले वं," म्हणून मला चिमटा काढला.

मग तिनं पुढचं सांगितलं. सगळी भांडी तू अंगणात काढलीस. वाळू आणि चिंच लावून एकट्यानं घासलीस, आतलं पितळ उघडं पडेपर्यंत. कोणाला हात लावू दिला नाहीस. तुझी बोटं सोलली. घरी पाहुणे भरलेले, आणि लग्नघरचा मालक अंगणात भांडी घासतो आहे! कोणी विचारलं तर म्हणालास, "कल्हई मनासारखी बसली नाही." पंगतीसाठी मांडववाल्याकडून जर्मनची पातेली आणलीस. आंदणाची भांडी तशीच उघडी ठेवलीस, चांगलं कथील मिळाल्यावर करू म्हणून.

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाला का?"

वहिनीला खोटं बोलता येत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणाली, "नाही. पण काल दुसरी चिठ्ठी आली. ते वाचून म्हणते, 'उन्हात बसन ते. जा, भेट तिले.' मी म्हणलं, 'घरी आणू का?' तं पुन्हा भांडं घासाले लागले."

ते चालेल. मला तेवढं पुरे आहे. पिशवीतून तिनं लग्नाच्या बुंदीचे लाडू काढले आणि माझ्या पदरात टाकले. गाडीत बसल्यावर मी एक खाल्ला आणि बाकीचे ताराचंदसाठी ठेवले. दारातच त्यांना सांगितलं, "माझ्या माहेरचे आहेत." त्यांनी तो शब्द ऐकून घेतला आणि लाडू तेवढा सावकाश खाल्ला.

एक गोष्ट मी पहिल्या पत्रात लपवली होती. आता सांगते. मला चौथा महिना आहे. मागचं एक पोटातच गेलं, तेव्हा तुम्हाला कोणालाच कळवलं नव्हतं. कोणत्या तोंडानं कळवणार? बाईंनी वर्गात शिशाचं सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मला तेच आठवलं. तीन वर्षं ती तार माझ्या दातांत होती. मी बाईंना विचारलं, त्यामुळेच गेलं का? त्या म्हणाल्या, "ते आता कोणी सांगू शकत नाही. तू पुढचं सांभाळ." म्हणून मला एवढी घाई होती. एका पोरीच्या भांड्यात ते जाताना मला बघवलं नसतं.

उद्या लग्न. मी इथून अक्षता टाकीन. उन्हाचं सगळं नीट होवो.

गोपिका


मंगळवार, १० मे

दादा,

कुंदाचं पत्र आलं, तुमसरहून. अक्षर अजून तसंच, शिरोरेषा कधी आहे कधी नाही. तिला माझा पत्ता कुठून मिळाला ते तिनं लिहिलं नाही, पण रुपरावांशिवाय दुसरं कोण असणार?

तिनं जे लिहिलं, ते तू मला जन्मात सांगितलं नसतंस. म्हणून तुझंच बोलणं तुला लिहून पाठवते.

ती लिहिते: "आत्या, आंदण मांडलं तेव्हा आमच्या मामंजींनी विचारलं, भांड्यायची कल्हई काहून नाही? कासाराच्या घरचं आंदण अन् भांडी उघडी? सगळे हसले. मले वाटलं बाबा काहीतरी कारण सांगतीन. तं बाबा उभे राहिले अन् म्हणाले, 'केली होती. त्यात शिसं निघालं. माही बहीण नागपूरले कंपनीत आहे, तिनं चिठ्ठी पाठवून सांगतलं. नाही तं मी माह्या हातानं पोरीले जहर देल्लं असतं.' मग आमच्या सासूबाई म्हणाल्या, 'कोणती बहीण? दिसली नाही.' बाबा म्हणाले, 'मीच बोलावली नाही.' अन् खाली बसले."

दादा, हे मी कितीदा वाचलं ते विचारू नको. ताराचंदना वाचून दाखवलं तेव्हा ते उठून बाहेर गेले आणि उगाच सायकलची हवा पाहत बसले.

कुंदा म्हणते सासू चांगली आहे. त्या दिवसानंतर तिनं स्वतःच्याही घरची भांडी काढून पाहिली म्हणे.

इकडचं सांगायचं तर, अरुंधतीबाईंनी साहेबांना सगळं सांगितलं. भंगार कोण नेतं आणि त्याचं पुढे काय होतं, हे कोणी विचारलंच नव्हतं. आता डब्यांवर लाल रंगात "शिसे" असं लिहिलेलं असतं, आणि भांड्याच्या कल्हईवाल्यांना हा माल विकायचा नाही, असं लिहून घेतल्याशिवाय तो फाटकाबाहेर जात नाही. मारोतराव म्हणाला, मला माहीत नव्हतं. असेलही. जळलेली मळी गाळून कांडी पाडली की ती कथलासारखीच दिसते.

आमच्या टेबलांवर आता छोटे पंखे बसले आहेत, धूर बाहेर ओढणारे. मळीच्या भांड्याच्या कामातून मला काढून बोर्ड तपासायच्या टेबलावर दिलं. बाई पुण्याला परत गेल्या. जाताना म्हणाल्या, "नव्या मुलींना आता तू शिकव." मी म्हटलं, "मला बोलता कुठं येतं?" त्या म्हणाल्या, "तुझ्या भावाला पत्रात जसं सांगितलंस, तसंच सांग." पहिल्याच दिवशी एका मुलीनं सवयीनं तार तोंडात धरली आणि मी एवढ्या जोरात "ए!" म्हणाले की तिच्या हातातली सोल्डरची आयर्न पडली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

वहिनीच्या निरोपावरून कळलं की त्या कांड्यांनी ज्या ज्या घरची भांडी केलीस, त्या प्रत्येक घरी तू जातो आहेस. परत आणतोस, घासतोस, चांगल्या कथलानं करून देतोस. लोक बोलतात का रे? बोलले तर बोलू दे. पण जेवत जा. वहिनी म्हणत होती, तू रात्री पडतोस, पण झोपत नाहीस.

गोपिका


शुक्रवार, २७ मे

दादा,

तू गेलास तेव्हा मी घरी नव्हते, म्हणून हे पत्र. नाहीतर हे तोंडानं बोलले असते. कदाचित नसतेही बोलले.

आज मला अर्ध्या दिवसाची रजा होती, डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं म्हणून. तिथून परत आले, साडी बदलली, आणि दारावर थाप पडली. मला वाटलं शेजारच्या सिंधूताई असतील, पीठ मागायला. दार उघडलं तर तू. डोक्याला पंचा बांधलेला, हातात रिकामी पोतडी, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. आणि किती वाळलास रे!

तू म्हणालास, "इतवारीत आलतो. मारोतरावाच्या कांड्या त्याले नेऊन देल्ल्या."

मी म्हटलं, "ये ना."

तू उंबऱ्याबाहेरच उभा. मग म्हणालास, "नत्थूनं घर सांगतलं."

मी पुन्हा म्हटलं, "ये ना दादा, ऊन लागून राहिलं."

तू आलास. मी पाणी दिलं. तांब्या तू वरून धरशील की तोंडाला लावशील, असं वाटून मी दुसरीकडे पाहिलं. तू तोंडाला लावलास. दोन तांबे पाणी प्यालास. मग खाटेवर बसलास, खोलीभर नजर फिरवलीस. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली ताराचंदच्या आईचा, आणि त्याच्या शेजारी आपल्या बाबांचा. तो तिथं असेल असं तुला वाटलं नव्हतं ना? तू बराच वेळ त्याकडेच पाहत होतास. मला वाटलं आता बोलशील. मीही तयार झाले होते. इतक्या वर्षांचं काय काय बोलायचं, ते सगळं ओठांवर आलं होतं.

तू म्हणालास, "जरा पडू का वं? डोळे झाकून राहिले माहे."

आणि आडवा झालास. पंचा उशाला घेतलास आणि मी काही अंथरेपर्यंत तू झोपलाही होतास. तोंड उघडं, एक हात खाटेखाली लोंबलेला. बोटांवरच्या जखमा भरत आल्या आहेत, ते मी पाहिलं.

मी कूलरच्या वाळ्यावर बादलीभर पाणी ओतलं. सिंधूताईंचा रेडिओ चालू होता, तिकडे जाऊन सांगितलं, "बाई, जरा हळू करा, माझा भाऊ झोपला आहे." त्यांनी डोळे मोठे केले. त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं की मला भाऊ आहे.

मला वर्गाला जायलाच हवं होतं, नव्या मुली येऊन बसलेल्या. भाकरी, वांग्याची भाजी आणि कांदा झाकून ठेवला, दार नुसतं लोटून घेतलं आणि निघाले. वर्गात आज मी काय शिकवलं कोण जाणे. मुली म्हणाल्या, "बाई आज एकट्याच हसून राहिल्या."

संध्याकाळी धावत घरी आले, तर खाट रिकामी. मग ताराचंदनी सांगितलं. ते पहिल्या पाळीवरून आले तेव्हा तू झोपलेलाच होतास. त्यांनी चपला बाहेर काढल्या, स्टोव्ह पेटवायचाही थांबले, आणि दारातच पेपर घेऊन बसले. ऊन उतरल्यावर तू उठलास. ताराचंद म्हणतात, त्यांना लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढी धडकी भरली नव्हती. मग तू विचारलंस, "चहा होईन का?"

त्यांनी केला. तू बशीत ओतून प्यालास, भाकरी खाल्लीस, भांडं स्वतः विसळून पालथं घातलंस. पोतडी झटकून खांद्यावर टाकलीस आणि दारातून वळून म्हणालास, "पुढच्या खेपेले साखर कमी टाकजा गा."

ताराचंदनी हे मला आल्याबरोबर सांगितलं. मग जेवताना सांगितलं. आता मी हे पत्र लिहिते आहे आणि ते तिकडून पुन्हा विचारताहेत, "लिहिलं का, पुढच्या खेपेले म्हणाले ते?"

लिहिलं म्हणून सांगितलं त्यांना.

तुझी
गोपिका